घड्याळावरचे ‘३ एटीएम’

जर्मनीतल्या ग्लासह्युटे गावी तयार होणारे नोमोस कंपनीचे ‘टांगेंटे’ हे पातळ, साध्या तबकडीचे घड्याळ ऑफिससाठी उत्तम निवड आहे. त्याची जलरोधकता ३ एटीएम (दाबाचे एकक, १ एटीएम म्हणजे सुमारे १० मीटर पाण्याचा दाब) असते. म्हणजे ३० मीटर खोल पोहता येईल, असा अर्थ सर्रास लावला जातो. आकडा मीटरमध्ये सांगितला की तसे वाटणे स्वाभाविकच. प्रत्यक्षात तो चाचणीतल्या स्थिर दाबाचा आकडा असतो. हात धुताना उडालेले शिंतोडे, जुलैत मुंबईतल्या दिंडोशी मेट्रो स्थानकातून तिथल्या कोर्टापर्यंत चालताना लागलेला पाऊस, एवढे असे घड्याळ सोसते. अंघोळ आणि पोहणे मात्र टाळावे.

पाणी अडवते ती झाकणाखालची आणि चावीभोवतीची बारीक रबरी कडी. कुकरची रिंग जशी वापराने कडक होऊन वाफ सोडू लागते, तशी ही कडीही कालांतराने सैल पडते. म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी दाबचाचणी करून घ्यावी. चावी बाहेर ओढलेली असेल, तर नव्या घड्याळातही पाणी शिरते. चामड्याच्या पट्ट्याला हा आकडा लागूच नाही. मुंबईच्या पावसाळ्यात तो आधी खराब होतो, तेव्हा चार महिने नायलॉनचा पट्टा लावणे अधिक सोयीचे.