नोंद कोणाच्या नावाची?

अमेरिकेने १७८५ च्या कायद्याने सरहद्दीवरची जमीन मोजून ६४० एकरांचे चौकोन पाडले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून कसणाऱ्याच्या नावे १६० एकर होऊ लागले. सरकारी दफ्तरात नोंद झाली की मालकी पक्की! पिढ्यान्‌पिढ्या तिथे नांदणारे मूळनिवासी मात्र त्या दफ्तराने बेदखल केले. मुक्त गुलामांना १८६५ मध्ये ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती जुन्या मळेवाल्यांना परत देवविली. बेड्या तुटल्या, पण जमीन मिळाली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले, ते हीच गोष्ट ओळखून. म्हणून आम्ही विचारतो, बांधवांनो, तुमच्या घराखालच्या जागेचा उतारा कोणाच्या नावे आहे? आजच काढून पाहा.