गल्ला, वही आणि कर

वरोऱ्याच्या बाजारात तुमचे लहानसे किराणा दुकान आहे, असे समजा. विक्रीकराचे नाव निघाले की तुम्ही म्हणणार, "साहेब, आम्हाला सुटतेच काय?" पण कायदा काय सुटते ते विचारत नाही, काय विकले ते विचारतो.

मध्यप्रांत-वऱ्हाडात विक्रीकर १९४७ च्या कायद्याने आला. २०१७ च्या १ जुलैपासून त्याची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. मालाची वार्षिक विक्री चाळीस लाखांवर गेली की नोंदणी हवी. सुट्या ज्वारी-तांदळावर कर नाही खरा. पण साबण-तेल विकणाऱ्याच्या बेरजेत त्यांचीही विक्री धरतात. रोजचा गल्ला अकरा हजारांचा असेल तर वर्षाकाठी मर्यादा ओलांडलीच म्हणायची!

दीड कोटीपर्यंत आपसमेळ योजना आहे. करपात्र विक्रीवर एक टक्का भरायचा, मात्र तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही. नोंदणी नसताना बिलात कर लावणे तर बेकायदाच.

शिवाय तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का आणि खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा नोंदणी हवीच.

तेव्हा रोज दुकान बंद करण्यापूर्वी विक्री वहीत मांडा. वही चोख असली की नोटिशीची भीती निम्मी होते.