कालयंत्र रायगडावर उतरले तर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इतिहासातला माणूस आजच्या माणसांत वावरला की तो कालप्रवासाचा विज्ञानपट, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ (२००९) मध्ये छत्रपती मुंबईतल्या दिनकर भोसल्यांशी बोलतात, पण तिथे ना यंत्र आहे ना काळाचा नियम. ती अद्भुतकथा आहे आणि तिच्यावर तर्कदोषाचा आरोप ठेवणे अन्यायाचे ठरेल. तेलुगू ‘आदित्य ३६९’ (१९९१) मध्ये मात्र पात्रे कालयंत्रात बसून कृष्णदेवरायाच्या दरबारी जातात. त्याला विज्ञानपटाच्या कसोट्या लावता येतात.

कालप्रवास म्हणजे निव्वळ थाप, हेही खरे नाही. भविष्याच्या दिशेने तो अल्प प्रमाणात रोज घडतो: जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती केल्याशिवाय मोबाइलवरचा नकाशा चुकेल. भूतकाळात जाण्याचा मार्ग मात्र कुणालाही सापडलेला नाही. कालप्रवासाच्या चित्रपटाला अफाट खर्च लागतो, हाही गैरसमजच: ‘प्रायमर’ (२००४) हा असा चित्रपट सुमारे ७,००० डॉलरमध्ये तयार झाला आणि तर्काच्या बाबतीत तो भल्याभल्या चित्रपटांना भारी पडतो.

कथानक सहसा फसते ते भूतकाळ ‘दुरुस्त’ करताना. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीच्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह इतर वाहने वाहून गेली. समजा, पटकथेचा नायक काही तास आधी पोहोचून पोलादपूरकडून येणारी वाहने अडवतो. माणसे वाचतात. पण मग दुर्घटनेत कुणी गेलेच नाही, तर तो परत मागे जायला निघेल कशासाठी? लेखकापुढे प्रचलित वाटा दोन. एक, भूतकाळ बदलतच नाही, नायकाची धडपडही घडलेल्या घटनेचाच भाग असते; ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (१९९५) याच वाटेने जातो. दुसरी, काळाला नवा फाटा फुटतो. त्या फाट्यावर गाड्या सुखरूप पोहोचतात, मूळ काळातल्या घरांचे दुःख मात्र तसेच राहते. दोन्ही वाटा चालतात. मध्यंतरापर्यंत एक आणि शेवटाला दुसरी धरली, की चित्रपट कोसळतो. ‘बॅक टू द फ्यूचर’ (१९८५) मध्ये नायकाने भूतकाळ बदलताच त्याच्या छायाचित्रातली भावंडे एकेक करून पुसट होतात. त्याला शास्त्रीय आधार नाही. पण वेळ संपत आल्याची धास्ती प्रेक्षकाला त्यातूनच लागते, म्हणून ती चूक माफ होते.

यंत्रावर ‘६ जून १६७४’ लावले की रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक दिसेल, हेही गृहीत धरता येत नाही. त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी होती, शके १५९६. ६ जून ही तारीख इंग्रज तेव्हा वापरत असलेल्या जुलियन पंचांगाची. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस १६ जून येतो. आजचे पंचांग भरलेले यंत्र नायकाला दहा दिवस आधी गडावर सोडेल, तेव्हा राज्याभिषेकाआधी करायची महाराजांची मुंजसुद्धा झालेली नसेल. आकाशात त्रयोदशीच्या भरत आलेल्या चंद्राऐवजी शुद्ध पक्षाच्या सुरुवातीची बारीक कोर असेल. कोर पाहून नायकाला चूक उमगणे हा कोणत्याही स्फोटापेक्षा चांगला प्रसंग ठरेल. तारीख बरोबर असली तरी जागेचा प्रश्न उरतोच: पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, त्यामुळे फक्त काळात सरकणाऱ्या यंत्राला रायगड जागेवर सापडणारच नाही. याकडे काणाडोळा करण्याची सवलत मात्र जवळपास सगळेच चित्रपट घेतात आणि प्रेक्षकही देतात.

चित्रीकरण गडावरच केले म्हणजे काळ आपोआप उभा राहतो, असेही नाही. आज दिसणारी वाड्यांची उघडी जोती १८१८ च्या इंग्रजी तोफमाऱ्यानंतरची आहेत. १६७४ मध्ये त्यांवर लाकूडकाम आणि छपरे होती. महाराजांची समाधी अर्थातच नव्हती. दरबारी बोलणेही ऐतिहासिक नाटकातल्यासारखे संस्कृतप्रचुर नव्हते. व्यवहारात फारसी शब्द इतके रुळले होते, की त्यांना पर्याय देण्यासाठी महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला. आणि नायक गड उतरून तानाजी मालुसऱ्यांच्या गावी, पोलादपूरजवळच्या उमरठला गेला, तरी तानाजी त्याला भेटणार नाहीत. ते १६७० मध्येच सिंहगडावर कामी आले होते.