शिरोरेखेला लटकलेली नावे

कलाकुसरीच्या वस्तूवरचे अक्षर सजावटीचे हवे आणि स्वच्छही हवे, या दोन मागण्या वरवर एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. स्वच्छ अक्षरात नक्षी एखाद-दुसऱ्या जागीच असते: वेलांटीच्या शेपटीत, उकाराच्या वळणात किंवा दंडाच्या टोकाला. दंड, गाठी आणि आतल्या पोकळ्या साध्याच राहतात. लग्नपत्रिकेच्या कागदावर हा नियम थोडा मोडला तरी चालते. बांबूच्या कामटीवर किंवा सागाच्या फळीवर चालत नाही, कारण तिथे अक्षर छापायचे नसून कापायचे असते.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत अशा कापकामाला सामग्रीची वाण नाही. टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरड कारागिरांची परंपरा जुनी आहे. चंद्रपूर-मूल रस्त्यावरच्या चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बल्लारपूर आणि आलापल्लीचा साग दूरवर जातो. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथलेच लाकूड रवाना झाले. भद्रावतीला मातीकाम आहे. शिवाय गावोगावच्या चौकांत रेडियमची दुकाने आहेत आणि तिथे मोटारसायकलवरच्या नावापासून दुकानाच्या काचेपर्यंत सगळे कापून मिळते.

देवनागरी अक्षराचा इतिहास इथे चार ओळींत आटोपतो. बरूच्या काडीचा किंवा बांबूचा तिरका कापलेला बोरू हे या लिपीच्या वळणाचे मूळ; त्याचा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेचा. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या खिळ्यांनी मराठी पुस्तकाला रूप दिले. कमल शेडगे यांनी नाटकांची आणि नियतकालिकांची शीर्षके हाताने रेखाटली. र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरच्या संगणकांत पोहोचला.

आता शिरोरेखा. देवनागरीत कापकाम करणाऱ्याला मिळालेले हे सर्वांत मोठे वरदान आहे. रोमन लिपीतले नाव लाकडातून कापले की अक्षरे सुटी होतात आणि ती जोडायला खाली पट्टी द्यावी लागते. देवनागरीत ही पट्टी लिपीतच आहे, फक्त ती वर आहे. दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरे शिरोरेखेला लटकतात. ‘गडचिरोली’ हे नाव कापून पाहावे. ‘ग’चे दोन भाग एकमेकांना कुठेही शिवत नाहीत, त्यांना एकत्र धरते ती शिरोरेखाच. ‘ड’ आणि ‘र’ आखूड देठाने लोंबतात. काना आणि वेलांट्यांचे दंड तिलाच टेकतात. अख्खे गडचिरोली एका तुकड्यात हातात येते.

‘चंद्रपूर’ येत नाही. अनुस्वाराचे टिंब कशालाच जोडलेले नसते, त्यामुळे कापताच ते खाली पडते. त्यावर उपाय दोनच. टिंब शिरोरेखेला चिकटेल इतके खाली आणायचे किंवा बारीक देठाने तिला जोडायचे. सिरोंचा आणि सिंदेवाहीलाही हीच अडचण. म्हणून टिंब मोठे आणि शिरोरेखेच्या जवळ असलेला फॉन्ट अशा कामाला बरा पडतो.

स्टेन्सिल करताना हाच हिशेब उलटा होतो. भिंतीवर किंवा कापडावर रंग मारण्यासाठी पत्र्यात अक्षराची भोके पाडतात. आता शिरोरेखा ही आधाराची पट्टी राहत नाही, ती एक लांबलचक चीर होते आणि पत्रा तिथेच लवतो. ‘प’च्या पोटातला बंद तुकडाही गळून पडतो. त्यामुळे स्टेन्सिलसाठी शिरोरेखा दर अक्षरामागे तोडावी लागते आणि बंद पोकळ्यांना बारीक पूल ठेवावे लागतात. टिंबाला मात्र इथे काहीच करावे लागत नाही. पत्र्यात ते फक्त एक गोल भोक असते. एकाच गावाच्या नावाला एकाच घरात दोन वेगवेगळी अक्षरे का लागतात, याचे उत्तर यात आहे.

बांबूची आणखी एक अट असते. त्याचे धागे लांबीच्या दिशेने जातात. कामटीवर आडवे नाव कोरले की शिरोरेखा धाग्यांसोबत जाते आणि मजबूत राहते. उभे दंड धाग्यांना आडवे जातात आणि बारीक असले तर कट्‌कन मोडतात. सागाच्या फळीतही हेच घडते. प्लायवुडमध्ये थर आलटून-पालटून आडवे-उभे असल्याने धोका कमी. म्हणून आरपार कापकामात दंडाची जाडी निदान फळीच्या जाडीइतकी ठेवावी. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बलू’ हा फॉन्ट गोलसर आणि सारख्या जाडीचा असल्याने इथे शोभतो. त्याच संस्थेच्या ‘मोदक’मध्ये पोकळीची नुसती फट उरते. मोठ्या पाटीसाठी तो मजबूत आहे, पण कीचेनवर लेझरने कोरला तर फटी काळवंडून बुजतात. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला ‘यात्रा’ मधल्या आकाराला चांगला. हस्ताक्षरासारखा ‘कलम’ कापण्यापेक्षा वरवर कोरायला योग्य.

फॉन्ट पारखायचा तो क-ख-ग पाहून नव्हे, प्रत्यक्ष कापायच्या नावावर. ‘ब्रह्मपुरी’ ही कठीण परीक्षा आहे. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ पोकळीचे दोन चिमुकले तुकडे करते, आणि ‘ह्म’ नीट जोडलेला नसेल तर मध्ये पाय मोडलेला ‘ह’ दिसतो. ‘आलापल्ली’त ‘ल’ची परीक्षा होते. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ प्रमाण ठरवला. तो उजव्या दंडाशिवाय, मधल्या एका देठावर लोंबतो. दिसायला देखणा, कापायला नाजूक. अनेक फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण संगणकात भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी ‘ल’ समोर येत नाही.

यंत्राकडे पाठवण्याआधी अक्षरांचे रेषांत रूपांतर करावे लागते आणि ते करताना एक चूक वरचेवर होते. फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. पडद्यावर ती एकच रेघ वाटते. यंत्र मात्र प्रत्येक आकाराची कड स्वतंत्र कापते आणि जोडून राहायचे नाव अक्षर-अक्षर होऊन बाहेर पडते. सगळे आकार आधी ‘वेल्ड’ करून एक केले की हे टळते. रेडियमच्या दुकानातही हाच नियम.

छपाईत असे बंधन नसते. वडसा म्हणजे देसाईगंज हे झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, रंगभूमीचे केंद्र. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत रात्रभर चालणाऱ्या नाटकांची पोस्टर्स गावोगाव लागतात. तिथे नक्षीचे अक्षर नाटकाच्या नावापुरतेच ठेवावे. गाव, तारीख आणि तिकिटाचा दर ‘मुक्ता’सारख्या साध्या अक्षरात असावा. सगळेच सजवले तर प्रयोग कुठे आहे तेच वाचता येत नाही.

या भागात गोंडी बोलणारेही आहेत. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये रचलेली लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, आणि शेजारच्या आदिलाबाद भागातल्या गुंजाला गावाची लिपी २०१८ मध्ये. दोन्हींसाठी ‘नोटो’ मालिकेत फॉन्ट आहेत, पण सजावटीच्या अक्षरांची निवड देवनागरीइतकी मोठी नाही.

परवाना शेवटी, पण विक्रीआधी पाहावा. ‘बलू’, ‘मोदक’, ‘मुक्ता’, ‘यात्रा’ आणि ‘कलम’ खुल्या परवान्याचे आहेत. त्यांतल्या अक्षरांच्या वस्तू विकता येतात. नुसते ‘फुकट’ लिहिलेले काही फॉन्ट केवळ खासगी वापरापुरते असतात. त्यानंतर नाव प्रत्यक्ष मापात कागदावर छापावे, पाटी जितक्या अंतरावरून वाचली जाणार तितक्या अंतरावरून पाहावे आणि टाकाऊ कामटीवर एकदा कापून घ्यावे. ती कामटी उलटी करून हलकेच झटकावी. चंद्रपूरचे टिंब जागेवर राहिले, तर चांगली फळी कापायला हरकत नाही.