किशोरवय, दारू आणि दोन भाषांचं घर

किशोरवयीन मुलांच्या दारू पिण्याबद्दल बोलताना आज आपण अमेरिकेतल्या हिस्पॅनिक कुटुंबांचं उदाहरण घेऊ. हिस्पॅनिक म्हणजे मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिको अशा स्पॅनिशभाषक प्रदेशांत ज्यांचं मूळ आहे असे लोक.

अमेरिकेत दारू विकत घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात. १९८४ च्या केंद्रीय कायद्यामुळे सगळ्या राज्यांना ही मर्यादा स्वीकारावी लागली. तरीही अनेक वर्षांच्या शालेय पाहण्यांत आठवीतली हिस्पॅनिक मुलं दारूच्या बाबतीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या पुढे दिसली. आठवीच का महत्त्वाची? कारण १५ व्या वर्षाआधी प्यायला लागलेल्यांना पुढे व्यसन जडण्याचा धोका २१ व्या वर्षी सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळला आहे.

मग दोष घरच्या संस्कारांचा का? तसं दिसत नाही. नुकतीच देशात आलेली मुलं साधारणपणे कमी पितात. अमेरिकेतच जन्मलेली जास्त. म्हणजे मधल्या काळात काहीतरी निसटतं.

काय निसटतं, बघा. मुलं इंग्रजी चटकन शिकतात, आईवडील मागे राहतात. शाळेतून आलेली चिठ्ठी मुलगाच आईला वाचून दाखवतो. काय सांगायचं, काय गाळायचं, ते त्याच्या हातात. तो कुणाबरोबर फिरतो, मित्राच्या घरी कुणी मोठं माणूस असतं का, हे विचारायला आईकडे भाषाही नसते आणि ओळखीही नसतात.

मायामी विद्यापीठात हिल्डा पँटिन, गिलेर्मो प्रादो आणि सहकाऱ्यांनी उभारलेला ‘फामिलियास उनिदास’, म्हणजे ‘एकजूट कुटुंबं’, हा कार्यक्रम नेमका इथे हात घालतो. त्यात आधी पालक गटाने, स्पॅनिशमधून भेटतात. शाळेशी कसं बोलायचं, मुलाचे मित्र कसे ओळखायचे, याचा सराव करतात. मग घरभेटीत तेच मुलासमोर करून बघतात. अशा कुटुंबांत संवाद वाढल्याचं आणि मुलांचा नशेचा वापर आटोक्यात राहिल्याचं चाचण्यांत दिसलं.

ॲरिझोनातल्या ‘कीपिन इट रिअल’मध्ये शाळेतच मुलांना चार वाटा शिकवतात: नकार द्या, कारण सांगा, प्रसंग टाळा, तिथून निघा.

दोन्ही गोष्टी लागतात. मुलाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे, आणि आईला त्याच्याशी बोलता आलं पाहिजे. नुसती ‘दारू वाईट’ अशी भिंतीवरची पाटी यातलं काहीच करत नाही. आता आपण प्रश्नांकडे वळू या.