भरल्या घराचा उन्हाळा

वैशाखाचे ऊन तापू लागले आणि शाळांना सुट्या पडल्या, म्हणजे आपल्याकडील घरे माणसांनी भरू लागतात. माहेरवाशिणी मुलाबाळांसह इंदूरला किंवा ग्वाल्हेरला येऊन उतरतात, बडोद्याची भाचरे बेळगावास आजोळी जातात, आणि चार माणसांच्या घरात दहा माणसे नांदू लागतात. हा काळ जितका आनंदाचा, तितकाच वर्षातील कडक उन्हाचा. महिनाअखेर विजेचे बिल हाती पडले, की यजमानाच्या कपाळाला आठी पडते. बहुतेक राज्यांत घरगुती विजेचा दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने चढत जातो. त्यामुळे वाढलेल्या वापराचे शेवटचे युनिट सर्वांत महाग पडते. मग पुढील वर्षी आमंत्रण देताना मन कचरते. श्रोतेहो, पाहुणचार आणि काटकसर यांचे असे वैर असण्याचे वस्तुतः कारण नाही. जी उष्णता घरात शिरलीच नाही, ती बाहेर घालवण्यासाठी पैसाही मोजावा लागत नाही. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले, तर पुढील सर्व गोष्टी आपोआप उलगडतात.

घरात उष्णता तीन वाटांनी येते. पहिली वाट उन्हाची. गच्ची, पश्चिमेची भिंत आणि खिडक्यांची तावदाने यांतून ती आत उतरते. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा ओढण्यापेक्षा खिडकीबाहेरच चटई अथवा वाळ्याचा पडदा सोडणे अधिक गुणकारी. कारण आतला पडदा स्वतः तापून तीच उष्णता खोलीत सोडतो. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला, तर बरेचसे ऊन आल्या वाटेने परत जाते. माळव्यात, ग्वाल्हेरीकडे उन्हाळ्यातील हवा कोरडी असते आणि रात्री दिवसापेक्षा पुष्कळच गार असतात. तेव्हा रात्री खिडक्या सताड उघडाव्यात आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी त्या मिटून घ्याव्यात. म्हणजे रात्रीचा गारवा दुपारपर्यंत टिकतो.

दुसरी वाट आपणा माणसांचीच. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. दहा माणसे एका खोलीत जमली, म्हणजे एक किलोवॅटची शेगडी पेटवून ठेवल्यासारखेच झाले! म्हणून रात्री सर्वांच्या गाद्या एकाच खोलीत न घालता ओसरी, गच्ची, बैठकीची खोली अशा विभागून घालाव्यात.

आता पंख्याचा विचार करू. पंखा खोलीतील हवा थंड करीत नाही. अंगावरील घाम वाळवून तो माणसाला गारवा देतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा केवळ वीज खातो. जुन्या धर्तीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर नव्या बीएलडीसी जातीचा पंखा सुमारे ३० वॅटवर तितकाच वारा देतो. पाच पंखे रोज दहा तास चालले, तर महिन्याला पहिल्या प्रकारात सुमारे ११२ युनिटे आणि दुसऱ्यात ४५ युनिटे खर्च होतात.

कूलर हा कोरड्या हवेचा सोबती आहे. पाणी वाफ होताना हवेतील उष्णता शोषून घेते, म्हणून इंदूर-ग्वाल्हेरकडे तो उत्तम चालतो. मात्र त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर दमट हवा खोलीतच कोंडते. गोव्यासारख्या दमट प्रदेशात कूलर फारसा उपयोगी नाही. तेथे पंखा आणि आरपार वाहणारी हवा हाच आधार.

एसी असेल, तर भर दुपारी एकच खोली गार करावी आणि पत्ते, गप्पा, वामकुक्षी तेथेच व्हावी. यंत्र १८ अंशांवर लावले म्हणून खोली लवकर गार होत नाही. ते केवळ अधिक वेळ राबते. तापमान एक अंशाने वाढवले, तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो; १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी मुळातच २४ अंशांवर लावलेले मिळतात. मंद पंखा जोडीला असल्यास २६ अंशही सुखाचे वाटतात. पण पारा चाळिशीपलीकडे गेला, म्हणजे नुसत्या पंख्याचा वारा अंग तापवतो. अशा वेळी वृद्धांच्या व तान्ह्या मुलांच्या बाबतीत काटकसर मुळीच करू नये.

तिसरी वाट स्वयंपाकघराची, आणि तिच्याकडेच आपले लक्ष सर्वांत कमी जाते. चांगल्या शेगडीतही गॅसची सुमारे एक तृतीयांश उष्णता भांड्यात न शिरता भोवती पसरते. पाण्याला उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवून अन्न लवकर शिजत नाही. केवळ वाफ वाढते. म्हणून भांड्यावर झाकण असावे, कडधान्ये रात्रीच भिजत घालावीत, वरण, भात आणि बटाटे कुकरमध्ये एकावर एक लावावेत, आणि मुख्य स्वयंपाक सकाळच्या गारव्यात उरकावा. चहाही दहा वेळा न टाकता एकदाच करून थर्मासमध्ये भरावा. पिण्याचे पाणी माठात असले, म्हणजे मुले घटकेघटकेला फ्रीज उघडत नाहीत.

पाहुणे पंख्याखाली बसलेले असताना घरातील सर्वांत तापलेल्या खोलीत कोण उभे असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. दहा माणसांच्या पोळ्या लाटणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला बहुधा वाराही येत नाही, कारण ज्योत विझेल म्हणून पंखा बंद असतो. वर सांगितलेल्या उपायांनी बिल उतरेलच. पण त्याहून मोठा लाभ असा, की तिचे शेगडीपुढचे तास कमी होतील. त्यात पाहुण्यांनीही वाटा उचलावा. कोणी भाजी निवडावी, कोणी माठ भरावेत, आणि दुपारच्या गार खोलीत पहिली जागा तिला द्यावी.