समोरच्या दातांवरचे डाग

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, झरी-जामणी भागात काही मुलांच्या समोरच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. घासून ते जात नाहीत. मुलांचा त्यात दोषही नाही. खडकांतले फ्लोराइड बोअरच्या पाण्यात उतरते. लिटरमागे ते १.५ मिलिग्रॅमहून जास्त झाले, की जबड्यात घडत असलेल्या दाताचे कवच बिघडू शकते.

दंतवैद्य डागाचा पातळ थर खरवडून दाताच्या रंगाचा मऊ लेप लावतात. त्यावर सुमारे ४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश टाकला, की रेणूंच्या साखळ्या जुळून लेप काही सेकंदांत कठीण होतो.

तुमचे डाग असे झाकता येतील. पण धाकट्या भावंडांचे दात साधारण आठव्या वर्षापर्यंत घडत असतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. म्हणून आधी पाणी तपासून घ्या!